सरकारतर्फे फौजदारसाहेब

किसनराव टेकाळे राज्याचे महाधिवक्ता झाले तेव्हा पेपरात त्यांचा फोटो आला. काळा कोट, गळ्याला पांढरी पट्टी, मागं जाडजूड पुस्तकांची भिंत. हमीदभाईनं तो फोटो कातरीनं कापून हॉटेलातल्या साखरेच्या डब्यावर चिकटवला, लांबून बघितला, जवळून बघितला आणि म्हणाला, "सब बराबर है, पन हात में डंडा नै तो साब अधूरे दिखते."

खरंच दिसत होते. आमच्या लेखी ते शेवटपर्यंत फौजदारसाहेबच राहिले. मधे ते वकील झाले, सरकारी वकील झाले आणि मग थेट मुंबईला जाऊन सरकारचे सगळ्यात वरचे वकील झाले. म्हणजे सरकारवर कोर्टात कुणी दावा लावला की सरकारच्या वतीनं उभं राहणारा माणूस. पण चार माणसांत त्यांचं नाव निघालं की आम्ही ठाण्यासमोरचे दुकानदार आपोआप सरळ होऊन बसायचो. वकिलाच्या नावानं कुणी असं बसत नाही.

मी मूळचा राजापूरकडचा. शाळा चौथीतच सुटली. मामा इथल्या छावणीत लष्कराच्या मेसवर कामाला होता, त्याच्या मागं मागं आलो आणि मामा बदली होऊन गेला तरी इथंच राहिलो. लांबच्या मुलखात माणसाला सारखी धास्ती असते, की कोणीतरी येईल आणि म्हणेल, तू कोण, इथं कसा? माझ्या बाबतीत असं म्हणणारा जो पहिला माणूस आला, त्यानंच मला जागा दिली. म्हणून हे लिहितो आहे.

पोलीस ॲक्शनला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. निजामाच्या वेळी फौजदाराला अमीन म्हणत. राज्य बदललं, ठाण्यावरची पाटी बदलली, पण म्हातारी माणसं पायरी चढताना 'अमीनसाब, सलाम' असंच म्हणायची आणि तरणी पोरं 'जयहिंद' म्हणायची. किसनराव दोन्ही घ्यायचे. सलामाच्या बाबतीत त्यांनी कधी भेदभाव केला नाही.

उंची बेताची होती, ती भरून काढायला आवाज होता. मिशांसाठी खिशात छोटी फणी असायची. ते विचारात पडले की फणी बाहेर निघायची आणि विचार संपेपर्यंत समोरच्यानं मिशा विंचरणं बघत उभं राहायचं. बोट दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटे. आरोपी असो, आमदार असो की हमीदभाईच्या काचेतली खारी बिस्किटं, ते सगळं काठीनंच दाखवत.

हमीदभाई सिल्लोडचा. ॲक्शननंतरच्या त्या दिवसांत तो बायको आणि दोन पातेली घेऊन शहराकडं निघून आला होता. जालना रस्त्यावरच्या आमच्या ठाण्यासमोर कडुलिंबाची सावली होती, म्हणून टेकला. फौजदारसाहेब बाहेर आले.

"कोण रे तू?"

"हमीद, साब. सिल्लोड का. वहाँ हॉटेल था."

"था म्हंजे?"

हमीदभाई खाली बघत राहिला. फौजदारसाहेबांनीही पुढं विचारलं नाही. त्या दिवसांत कुणाचं काय 'था' झालं होतं, ते विचारायची गरज पडत नसे. त्यांनी फणी काढली, मिशा विंचरल्या, फणी ठेवली.

"चहा बरा येतो का?"

"हौ साब."

"मग इथंच बस. ठाण्याच्या डोळ्यापुढं. कुणाची हिंमत व्हते ते बघू." आणि लिंबाखालच्या मातीत काठीनं रेघ मारली.

हमीदभाई बिचारा घाबरत म्हणाला, "साब, कुछ चिट्ठी मिली तो..."

"चिठ्ठी? माझं तोंड काय कमी हाय व्हय रे? कागद उंदीर खातो. मला खाऊन दाखव म्हणावं."

पुढं त्याच रेघेच्या टोकाला मी भाड्याच्या सायकली घेऊन बसलो. मलाही त्यांनी 'कोण रे तू' विचारलं, मी रडकुंडीला येऊन सगळी वंशावळ सांगितली. त्यांनी ती अर्ध्यात तोडली. "बस बस. ए कोकण, तितं बस. पण गिऱ्हाइकाच्या सायकलला घंटी नसली तर पयला तुला आत टाकीन." मी रोज सकाळी घंट्या वाजवून बघत असे. सवय अजून गेलेली नाही.

त्यांच्या ठाण्यात गुन्हे नोंदले जात नसत. होत नसत असं नाही, नोंदले जात नसत. लिहिणं हे साहेबांच्या मते हात दुखणाऱ्या माणसांचं काम नव्हतं, आणि त्यांचा हात नेहमी दुखायचा. भांडण आलं की ते दोन्ही पक्षांना हमीदभाईच्या बाकावर शेजारी शेजारी बसवत, एकच चहा मागवत. एकानं कपातला प्यायचा, दुसऱ्यानं बशीतला. कपात कोण आणि बशीत कोण हे साहेब ठरवत. ज्याची चूक जास्त त्याला बशी. रिकामी कपबशी हमीदभाईच्या हातात गेली की प्रकरण संपलं. आमच्या भागात 'कपबशी झाली' म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे. त्या काळात एकमेकांच्या हातचं पाणी प्यायला कचरणारी माणसंही त्या बाकावर मुकाट्यानं एकाच कपातला चहा प्यायली. एवढं खरं, की मागं काठी उभी असायची.

एकदा दोन वराती समोरासमोर आल्या. एक करमाडची, एक मुकुंदवाडीची. रस्ता अरुंद, मागं कोण हटणार? बँडवाल्यांनीच एकमेकांच्या डोक्यात वाद्यं घातली. फौजदारसाहेबांनी वऱ्हाडाकडं बघितलंच नाही. दोन्ही नवरदेव घोड्यावरून उतरवले आणि बाशिंगासकट बाकावर बसवले.

"साहेब, मुहूर्त टळंल," करमाडवाला नवरा म्हणाला.

"मग पटकन पी."

"पण बशी मलाच का? घोडं तर त्यांचं आडवं आलं."

"तुझ्या बापानं मला लग्नाला बोलवलं नाय, म्हणून बशी."

दोघं प्याले, वराती सुटल्या, आणि त्या गडबडीत करमाडचा बँड मुकुंदवाडीच्या वरातीपुढं वाजवत निघून गेला. तेही प्रकरण पुढं कपबशीनंच मिटलं.

वरचे साहेब तपासणीला आले की नोंदवहीची कोरी पानं उलटत. "काय टेकाळे, तुमच्या हद्दीत गुन्हेच नाहीत?" "हायेत साहेब. पण सगळे पिऊन झाले." वरच्यांनी ते त्यांच्या पद्धतीनं समजून घेतलं आणि ठाण्याला आदर्श ठाण्याचं प्रमाणपत्र मिळालं.

खून मात्र त्यांना कोर्टात न्यावा लागे, कारण खुनात एक पक्ष चहा प्यायच्या स्थितीत नसतो. अशाच एका खटल्यात साहेब साक्षीला उभे राहिले. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "फौजदारसाहेब, तुम्ही एवढं सांगताय, हे कागदावर कुठं आहे?"

"कागदावर नाय. माझ्या डोक्यात हाय."

"मग डोकं कोर्टात दाखल करताय का?"

कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले, पट्टेवाला हसला आणि आरोपी, ज्याला फाशीची भीती होती, तोही हसला. फौजदारसाहेब परत आले ते चहा न पिता बाकावर बसले. मग म्हणाले, "हमीद, तो काळा कोट अंगात घातला की माणसाला कायबी बोलता येतं बघ. मलाबी शिवायचा."

आम्हाला वाटलं राग आहे, उतरेल. तो वर्षानुवर्षं उतरला नाही. साहेबांनी कायद्याची पुस्तकं आणली. मनात वाचायची सवय नव्हती, ते मोठ्यानं वाचत, आणि ऐकायला कोणी असल्याशिवाय त्यांचा आवाज लागत नसे. म्हणून खुर्ची कोठडीसमोर मांडत. आतल्यांना पर्याय नव्हता. करार म्हणजे काय, भागीदारी म्हणजे काय, सगळं त्यांनी गजांआडून ऐकलं. एक पाकीटमार तर हात जोडून म्हणाला, "साहेब, मार द्या. मार परवडला." परीक्षेत साहेब नापास झाले, पुन्हा झाले, मग पास झाले. पेढे वाटले ते कोठडीत आधी. अभ्यास एकत्र केला होता ना.

नोकरी सोडून ते वकील झाले, आणि थोड्याच दिवसांत सरकारी वकील. आणि इथं एक चमत्कार झाला. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला चिठ्ठी दिली नाही, तो माणूस उठता बसता विचारायला लागला, "कागद कुठाय?" शपथेवर सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारी, कागद कुठाय. घरी बाईसाहेबांनी भाजी आणायला सांगितली तरी 'लेखी द्या' म्हणायचे, असं त्यांचा ड्रायव्हर सांगे. ड्रायव्हरचं किती धरायचं ते तुम्ही बघा. आवाज तेवढा जुनाच राहिला. साक्षीदार अडखळला की साहेब गरजत, "खरं बोल, नायतर..."

न्यायाधीश विचारायचे, "नाहीतर काय, वकीलसाहेब?"

साहेबांचा हात काठी शोधत टेबलाखाली गेलेला असायचा. तो वर घेऊन म्हणायचे, "नायतर खोटं ठरंल, हुजूर."

एवढ्यावर माणूस जिल्ह्यातच राहिला असता. महाधिवक्ता कसा झाला, त्याचं उत्तर पुन्हा त्या कोठडीत आहे. त्यांच्या फौजदारकीच्या काळात मोर्चे फार निघत. साहेब पुढाऱ्यांना पकडताना पेपरवाल्याला आठवणीनं बोलवत आणि सोडताना मागच्या दारानं सोडत. पकडल्याचं नाव व्हायचं, रात्रीचं जेवण घरी व्हायचं. पुढं ह्यातलीच पोरं आमदार झाली, मंत्री झाली. काही इकडच्या पक्षात गेली, काही तिकडच्या. सरकारं बदलली, पण साहेबांचे माजी कैदी सगळीकडं सारखे वाटलेले होते. राज्याला मोठा वकील हवा म्हटल्यावर मंत्रिमंडळात कुणाच्याच तोंडून नाही निघेना. ज्याच्या कोठडीमुळं आपण पुढारी झालो, त्याला नाही कोण म्हणेल?

मग फोटो आला, साखरेच्या डब्यावर चिकटला, आणि थोड्या दिवसांनी आम्हाला नोटीस आली.

रस्ता रुंद व्हायचा होता. लिंब जाणार होता, लिंबाखालची आमची दुकानं जाणार होती. सरकारी जागेवरचं अतिक्रमण, असं नोटिशीत लिहिलं होतं. माझी झोप उडाली. माझ्या तरी सायकली होत्या, कुठंही ढकलत नेल्या असत्या. हमीदभाईचं तसं नव्हतं. एकदा उठून आलेला माणूस. आता पोरं, सुना, नातवंडं सगळ्यांचं पोट त्या चुलीवर. तो नुसता म्हणायचा, "कोकण, अब इस उमर में कहाँ जाना रे?" शैला जोगदंड नावाच्या एका तरुण वकील बाईंनी आमचा अर्ज खंडपीठात लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला तिथं बसवलं कुणी?"

मी तोंड उघडलं. हमीदभाईनं आधी उत्तर दिलं, "अल्ला ने."

"चाचा, अल्लाला नोटीस काढता येत नाही. माणसाचं नाव सांगा."

सांगेना. बाहेर आल्यावर मी चिडलो. "नाव का नाही घेतलं? साहेब आता केवढे मोठे झालेत!"

"इसीलिए," हमीदभाई म्हणाला. "बड़ा आदमी है. उस वक्त बिना कागज जगा दिया बोले तो उनपेच उलटता. मेरेकू बिठाने वाले कू मैं नै उठाता."

तरी आम्ही साहेबांच्या बंगल्यावर गेलो. ते शहरात आले होते. सरकारतर्फे ह्या प्रकरणात स्वतः उभे राहणार होते. एवढ्याशा दुकानांसाठी एवढा मोठा वकील का, तर आपल्या गावात एकदा झगा घालून उभं राहायची हौस. आम्हाला बघून ते ओसरीवरच थांबले.

"तुमी विरुद्ध पक्ष. माझ्याशी बोलायचं नाय."

"साहेब, फक्त..."

"कागद हाय का?"

हमीदभाई म्हणाला, "आपने दिया नै ना साब."

साहेबांनी खिशातून फणी काढली. मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या. विंचरून झाल्या, पुन्हा विंचरल्या. "मग अवघड हाय," म्हणाले आणि आत गेले. जाता जाता गड्याला आम्हाला पाणी द्यायला सांगितलं. ते आम्ही प्यालो नाही.

सुनावणीला आम्ही मागच्या बाकावर. सगळं इंग्रजीत, शैलाबाई मधूनच मागं वळून कुजबुजत सांगायच्या. साहेबांचं काम उत्तम चाललं होतं. रस्ता लोकांचा, जागा सरकारची, कागद ह्यांच्याकडं एकही नाही. न्यायमूर्तींनी शैलाबाईंना विचारलं, "ह्यांना तिथं कुणाच्या परवानगीनं बसता आलं?" शैलाबाईंनी आमच्याकडं बघितलं. नाव माझ्या जिभेवर आलं होतं. हमीदभाईनं माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठला. शैलाबाईंनी मान पुन्हा पुढं वळवली. न्यायमूर्ती म्हणाले, मग विषय संपला.

इथं साहेब खाली बसते तर आम्ही दुसऱ्या दिवशी रस्त्यावर होतो. पण सरकारच्या उत्तरातला शेवटचा परिच्छेद वाचायचा राहिला होता, आणि हातात आलेलं वाचन अर्धं टाकायची त्यांना सवय नव्हती. वाचत गेले आणि मधेच थांबले. तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग शेजारच्या ज्युनियरला, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं, मराठीत विचारलं, "हे कुणी लिवलं?"

"सर, खात्याकडून आलंय."

"ठाण्याच्या निष्काळजीपणाचा फायदा घेऊन हे लोक घुसले? त्या ठाण्याच्या?"

"सर, ती नेहमीची भाषा असते..."

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला, वर बघितलं आणि तसंच मराठीत बोलायला लागले. "हुजूर, सरकारची बाकी बाजू खरी हाय. हे एक वाक्य खोटं हाय."

न्यायमूर्तींना आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. "महाधिवक्ता, हे तुमच्याच पक्षाचं म्हणणं आहे."

"असू दे. त्या ठाण्यापुढं कुणी घुसत नव्हतं. कुत्रं बसायचं तरी फौजदाराकडं बघून बसायचं. ह्या माणसांना तिथं बसवलं होतं. भर दिवसा, चार लोकांत."

"कुणी?"

"फौजदारानं."

"त्याला तो अधिकार होता?"

"काडीचा नव्हता."

"मग?"

"मग काय, बसवलं. माणूस जिवाच्या भीतीनं आलेला. त्याला तवा जागा पायजे होती. अधिकार शोधत बसलो असतो तर..." 

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "त्या फौजदाराचं नाव सरकारला माहीत आहे?"

"किसन टेकाळे, हुजूर."

 न्यायमूर्ती हळूच म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना, ह्या घटकेपासून तुम्ही वकील राहिला नाहीत, साक्षीदार झालात?"

"कळतंय की. सरकारला पयल्यांदाच खरा साक्षीदार मिळालाय, घ्या लिहून."

ह्या बोलण्यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. शैलाबाईंचं म्हणणं, साहेबांनी हे घरूनच ठरवून आणलं होतं. ज्युनियर म्हणाला, वय झालं, जीभ घसरली. हमीदभाई म्हणाला, "गुस्सा." मला हमीदभाईचं पटतं. आमच्यासाठी ते एक शब्द बोलले नसते. बोलायचं नाही असं ठरवूनच आले होते. पण कुणीतरी टेबलाशी बसून त्यांच्या ठाण्याला झोपाळू म्हटलं, ते त्यांना सोसलं नाही. सरकारनं एवढं एक वाक्य खोडलं असतं तर मी आज हे कुठं बसून लिहिलं असतं, कुणास ठाऊक.

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणाऱ्याला तीच काळजी असते. सरकारच्याच माणसानं बसवलं हे सरकारच्याच वकिलानं सांगितल्यावर, दुसरी जागा दिल्याशिवाय आम्हाला उठवू नये, असा हुकूम झाला. मुकुंदवाडीच्या बाजूला पत्र्याचे गाळे मिळाले. हमीदभाईची चूल तिथं पेटली. साहेबांनी प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडल्याची बातमी आली. प्रकृती ठणठणीत होती. बातमीबरोबर फोटो नव्हता. पुढं ते मुलाकडं परगावी गेले आणि तिकडंच वारले, असं कळलं.

मला ते शेवटचे दिसले ते त्या सुनावणीच्याच दिवशी, कोर्टाच्या फाटकाबाहेर. त्यांची गाडी खात्याचा अधिकारी घेऊन निघून गेला होता. गाडी महाधिवक्त्यांची होती, आणि साहेब त्या घटकेला कोण होते ते कुणालाच नक्की सांगता येईना. झगा काखेत मारून ते उन्हात उभे होते. आत बाहेर करणारे वकील त्यांच्याकडं बघत नव्हते, म्हणजे मुद्दाम बघत नव्हते. आम्ही पलीकडं उभे. जवळ जायचं धाडस होईना. मी नुसते हात जोडले. त्यांनी बघितलं आणि ओरडले, "कागद घेत जावा रे गाढवांनो! सगळे फौजदार काय जगत नसतेत."

तेवढ्यात एक रिक्षा थांबली. 'चला मुकुंदवाडी, मुकुंदवाडी' करत माणसं कोंबणारी. साहेब झगा सावरत आत शिरले आणि सगळी सीट आपलीच असल्यासारखे मधोमध बसले. रिक्षावाला पोरगा होता, त्यानं त्यांना कधी बघितलेलं नव्हतं. तो रस्त्यावर बघून ओरडत राहिला, "एक सीट, एक सीट! ओ चाचा, येता का?"

हमीदभाईनं माझ्याकडं बघितलं, मग रिक्षाकडं, आणि गेला. एक पाय आत, एक बाहेर, असा तो दारात अवघडून उभा राहिला.

रिक्षावाल्यानं मागं मान वळवली. "ओ बाबा, जरा सरका ना. चाचांना बसू द्या."

मला वाटलं आता हा पोरगा मेला.  पण साहेबांनी झगा मांडीवर घेतला, कडेच्या गजाला धरलं आणि सरकले.